मुलाखतीला नाही म्हणून कळवलं

हैदराबादहून फोन आला तेव्हा जालन्याच्या नव्या नोकरीत रुजू होऊन मला दोन महिनेही झाले नव्हते. एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बियाण्याची उगवण तपासायचं काम करत होतो. कपाशीचे दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, आणि ठरलेल्या दिवशी कागद उलगडून किती उगवले, किती वाकडे निघाले, किती कुजले ते मोजायचं. हंगाम तोंडावर आला होता, टेबलभर गुंडाळ्या पसरल्या होत्या. फोन खिशात दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हात पुसत बाहेरच्या ओट्यावर गेलो.

पलीकडं एक बाई हिंदीत बोलत होत्या. गेल्या वर्षी मी त्यांच्या कंपनीत अर्ज केला होता, प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या जागेसाठी. ती भरती तेव्हा थांबली होती, आता पुन्हा सुरू झाली होती. पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी प्रत्यक्ष मुलाखतीला याल का, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, विचार करून कळवतो.

आत येऊन पुन्हा मोजायला बसलो तर आकडे जुळेनात. एकच कागद मी तीनदा मोजला.

गेल्या वर्षी हा फोन आला असता तर मी ओट्यावरच उडी मारली असती. हैदराबादला मी सात वर्षं काढली ती अशाच एखाद्या जागेची वाट बघत. पण दुसरीही एक वाट मी तितकीच वर्षं बघत होतो, ती होती घरी परतायची. माझी बायको पिंपळगाव रेणुकाईच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. लग्न झालं तेव्हा तिला नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि मला हैदराबादला लागून सहा महिने. तिची बदली राज्याबाहेर होणं शक्य नव्हतं आणि माझ्या कामाची चांगली जागा जवळपास मिळत नव्हती. ती भोकरदनला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायची. तिथून जीपनं शाळेत जायची. मी दिवाळीत, उन्हाळ्यात, जमलं तर एखाद्या जोडून आलेल्या सुट्टीत यायचो. दर वेळी निघताना आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी काहीतरी करू.

शेवटी मीच ते केलं. जालन्याची जागा माझ्या आधीच्या कामापेक्षा खालची होती, पगारही कमी होता. पण भोकरदनहून रोज जाऊन-येऊन करता येणार होतं. इथल्या साहेबांनी मला घेतलं तेव्हा एवढंच म्हणाले, "तीन-चार वर्षं तरी थांबा हो. माणूस तयार होतो आन् निघून जातो." मी शब्द दिला. त्याच दिवशी तिला फोन करून सांगितलं की झालं, मी येतोय. ती म्हणाली, "खरंच येऊन राह्यले का?" आवाज कापरा होता. मला वाटलं, आनंदानं.

ते दोन महिने मला आता नीट दिसतात. तेव्हा मी नुसता खूश होतो. मी कूलर आणला. तिच्या एकटीच्या अरुंद कॉटच्या जागी मोठा पलंग आणला. त्यासाठी खिडकीखालचं तिचं टेबल हलवावं लागलं, ते स्वयंपाकघरात गेलं. त्या टेबलावर बसून ती मुलांच्या वह्या तपासायची. आता मांडीवर घेऊन तपासू लागली. मी म्हटलं, टेबल पुन्हा इकडं घेऊ का? तर म्हणाली, "राहू द्या, चालतंय."

पूर्वी ती संध्याकाळी एकच भाजी-भाकरी करून ताट घेऊन उंबऱ्यात बसायची. हे मला समोरच्या काकूंनी सांगितलं. समोरच्या उंबऱ्यात काकू, इकडं ही, आणि मधल्या बोळातून दोघींच्या गप्पा. मी आल्यावर ती वरण, भात, भाजी, चटणी असं सगळं करायला लागली. मला वाढून समोर बसायची, माझं होईपर्यंत. तू पण घे म्हटलं तर म्हणायची, "तुमचं होऊ द्या." काकू एकदा हसत म्हणाल्या, "आता तुमच्या मालकिणीला आमच्याकडं बघायला टाइम कुठंय!" मीही हसलो.

एका शनिवारी मी लवकर सुटलो. तिची सकाळची शाळा असल्यानं ती घरीच होती. बोळात गाडी लावताना आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. काकूंची सून आली होती, कशावरून तरी दोघी हसत होत्या. ती असं तोंड भरून हसते हे मी विसरलोच होतो, म्हणून दारातच जरा थांबलो. मग चपला काढून आत गेलो. हसू थांबलं. ती चटकन उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलात? चहा ठेवू का?" सून उठून निघून गेली. मी पलंगावर बसून चहाची वाट बघू लागलो. शाळेत वरिष्ठ तपासणीला आले की बाईंनी उभं राहावं तशी ती उठली होती. ते मला टोचलं, पण मी मनातल्या मनात त्याला नाव दिलं नाही. म्हटलं, सवय व्हायला वेळ लागेल.

तर फोन आला त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग जाऊन या की."

"अगं, आत्ता तर आलोय. साहेबांना शब्द दिलाय."

"मुलाखतच हे ना? बोलावलंय तर जावं माणसानं. मोठी जागा हे."

"झालं सिलेक्शन तर? परत तू इकडं, मी तिकडं?"

ती कणकेवर पाण्याचा हात फिरवत राहिली. म्हणाली, "तेवढी वर्षं काढलीच की आपण."

मला गहिवरून आलं. मला वाटलं, केवढं मन हिचं. सात वर्षं एकटी राहिली, आता कुठं नवरा घरी आला, तरी मी पुढं जावं म्हणून ही पुन्हा एकटी राहायला तयार आहे. मी तिला म्हणालोही, "तुझ्यासारखी तूच." तिनं मान वर केली नाही.

पुढचा सगळा आठवडा मी जाता-येता तोच विचार केला. भोकरदन ते जालना बराच रस्ता आहे, विचाराला भरपूर जागा. ती जागा मला हवी होती, हे खोटं कशाला सांगू? माझ्या मागून आलेली माणसं प्रमुख होऊन बसली होती. इथं मी पुन्हा खालच्या पायरीपासून गुंडाळ्या मोजत होतो. मुलाखत दिली म्हणून काही आभाळ कोसळत नाही, एक दिवसाची रजा टाकायची, गाडी जालन्याहूनच मिळते. पण गेलो आणि झालं तर नाही म्हणायची ताकद माझ्यात उरणार नाही, हेही मला ठाऊक होतं. आणि साहेबांकडं कुठल्या तोंडानं बघायचं?

ती मात्र रोज विचारायची. "तिकीट काढलं का?" "रजा टाकली का?" रविवारी दुपारी उन्हात कूलरसमोर पडलो होतो, तर ती माझा पांढरा शर्ट काढून इस्त्री करत बसली होती. कॉलर उलटी करून, बाह्यांच्या घड्या धरून, अगदी मन लावून. मी डोळे किलकिले करून बघत राहिलो. त्या शर्टाकडं बघताना माझा निर्णय झाला. इतकं करणाऱ्या बाईला सोडून मी कुठंही जाणार नाही.

मुलाखतीला अजून आठवडा होता; सोमवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्या बाईंना फोन लावला आणि मुलाखतीला येणार नाही म्हणून कळवलं. त्यांनी एकदा विचारलं, नक्की का? मी हिंदीत म्हणालो, माझा परिवार इकडं आहे. म्हणताना छाती थोडी फुगलीच.

संध्याकाळी येताना राजूरला गाडी थांबवून पेढे घेतले. घरी पोचलो तेव्हा ती फरशीवर बसून हिरव्या मिरच्यांचे देठ काढत होती. पिंपळगावात मिरचीचा बाजार मोठा, शाळेतल्या कुणा ना कुणाच्या घरून तिला पिशवीभर मिरच्या मिळायच्याच. मी पेढ्यांचा पुडा तिच्यासमोर ठेवला.

"कशाचे?" ती म्हणाली.

"नाही म्हणून सांगितलं आज त्यांना. मी कुठंही जात नाही."

तिचे हात थांबले. "नाही म्हणून सांगितलं?"

"हो."

"म्हणजे कायमचं?"

"कायमचं म्हणजे... हो, त्या जागेसाठी तर कायमचंच."

ती बघतच राहिली माझ्याकडं. मग तिनं मनगट वर नेलं, पण मनगटाऐवजी बोटंच डोळ्यांना लागली, मिरचीची. डोळे घट्ट मिटून ती तशीच बसली. मी धावत तांब्या आणला, ओंजळीनं तिच्या डोळ्यांवर पाणी मारलं. पाणी मारतच राहिलो. मिरचीची आग कधीच निवली असेल, तरी तिचे डोळे वाहायचे थांबेनात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती रडते आहे.

"काय झालं?" मी म्हणालो. "अगं, चांगलं सांगून राह्यलो ना?"

"मला वाटलं, तुम्ही जाल."

"तू म्हणत होतीस ते माझ्यासाठी म्हणत होतीस. मला कळत नाही का?"

तिनं मान हलवली. "न्हाई. माझ्यासाठी म्हणत होते."

मी तांब्या खाली ठेवला. बाहेर काकू कुणाला तरी हाका मारत होत्या. ती उठली, दार लोटून घेतलं आणि परत येऊन भिंतीला टेकून बसली. मग हळूहळू बोलली. मध्ये मध्ये थांबत होती, पण एकदा सुरू झाल्यावर मागं फिरली नाही.

"तुमचं काही चुकलं न्हाई. बिलकुल न्हाई. म्हणून तर कुणाला सांगता येईना. माझी आई आजारी होती ना, त्या साली मी तुमची लई वाट पाहिली. रोज. तुम्ही फोन करत होते, पैसे पाठवत होते, ती गेल्यावर आल्तेही, चार दिवस राह्यलेत. मंग गेलात. जावंच लागत होतं, मला माहीत होतं. त्यानंतर एकदा शाळेतून येताना जीपमध्ये ध्यानात आलं की आज दिवसभर तुमची आठवणच आली न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. मला लई भीती वाटली तेव्हा. मंग कधीतरी ती भीती पण गेली."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आठवण येत न्हाई म्हणून?"

मी विचारलं, जे कुणीही विचारेल ते. दुसरं कुणी आहे का. ते विचारताना मला माझीच लाज वाटली. ती रागावली नाही. "न्हाई हो," एवढंच म्हणाली, इतकं थकून की मी पुन्हा विचारलं नाही.

"मग येऊ नका म्हणायचं होतंस. मी तिथली नोकरी सोडायच्या आधी."

"कसं म्हणणार? सात वर्षं दोघांनी हेच मागितलं. मी रेणुकाईला नवस बोलले होते, यांना जवळ काम मिळू दे म्हणून. तुम्ही आलात त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर देवळात जाऊन ओटी भरून आले. तिथं उभी राहून म्हणलं, माणूस आणून दिलास, आता मला माझं मन पण परत दे." ती थांबली. "रोज सकाळी वाटतं, आज होईल. तुम्ही कामावर गेलात की घर माझं वाटतं, आन् तुमच्या गाडीचा आवाज आला की छातीत धस्स होतं. तुम्ही इतकं चांगलं वागता, त्याचं तर जास्तच वाईट वाटतं."

भांडण असतं तर मी भांडलो असतो. मी चुकलो असतो तर पाय धरले असते.

शेवटी तीच उठली आणि तिनं भाकरी टाकल्या. आम्ही जेवलो. त्या दिवशी ती माझ्याबरोबरच ताट घेऊन बसली, लग्न झाल्यापासून क्वचितच बसली असेल तशी. पेढे आम्ही कुणीच खाल्ले नाहीत. सकाळी तिनं पुडा पिशवीत टाकला, शाळेतल्या मुलांना वाटते म्हणाली.

मी कामावर गेलो आणि पहिलं काय केलं तर त्या हैदराबादच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, माझा निर्णय बदललाय, मी येऊ शकतो. त्या म्हणाल्या, "सॉरी सर, यादी काल संध्याकाळीच वर गेली." मी धन्यवाद म्हणालो. ओट्यावर ऊन रखरखत होतं. मागून साहेब आले, म्हणाले, "काय, तब्येत बरी ना? जल्दी करा जरा, दुपारपर्यंत रिपोर्ट द्यायचेत." मी हो म्हणून आत गेलो.

त्यानंतर आम्ही काही आठवडे धीर धरून पाहिलं. मी टेबल परत खिडकीखाली ठेवलं, पलंग भिंतीला सरकवला. संध्याकाळी तिला उंबऱ्यात बसता यावं म्हणून मी मुद्दाम उशिरा यायला लागलो, राजूरला देवळाबाहेर बसून राहायचो. एकदा तिनं विचारलं, "उशीर का करून राह्यले?" मी म्हणालो, हंगाम आहे, काम फार आहे. तिला कळलं असणार. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तिच्या स्पर्शात माया होती. ती मायाच होती फक्त, हे आता मलाही कळत होतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी ती भावाकडं गेली. दोघांनी ठरवून मी जालन्यात एमआयडीसीजवळ एक वेगळी खोली घेतली. सामान न्यायच्या दिवशी ती आवर्जून आली. माझे कपडे तिनंच घडी करून बॅगेत भरले, लोणच्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून मध्ये बसवली. टेम्पोवाल्यानं कूलर घ्यायचा का विचारलं तर मी म्हणालो, तो इथंच राहू दे. ती दाराआड गेली आणि तिथं रडली. मी टेम्पोत पुढं बसलो. काकू त्यांच्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

माझ्या आईला हे समजावून सांगायला गेलो तेव्हा ती एकच गोष्ट विचारत राहिली, चूक कुणाची? तिला कुणाचं तरी नाव हवं होतं. माझ्याकडं ते नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे उगाचच मोडलं का रे?" मी उठून बाहेर गेलो.

पुढच्या थंडीत राज्यातल्याच, पण लांबच्या दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. रजा टाकली, रात्रीच्या गाडीनं गेलो. तीन माणसं समोर बसली होती. कामाचं सगळं विचारून झालं, ते चांगलं गेलं. मग मधले गृहस्थ माझा कागद बघत म्हणाले, या नोकरीला अजून वर्षही झालं नाही, इतक्या लवकर का सोडताय? हे विचारणार हे मला माहीत होतं आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं, कामाची संधी, जबाबदारी वगैरे. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, कौटुंबिक कारणासाठी मी तिकडं गेलो होतो, आता ते कारण राहिलेलं नाही. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

माझी निवड झाली. साहेबांना सांगायला गेलो. त्यांना दिलेला शब्द मी मोडत होतो, बोलून घेतील म्हणून तयारीनं गेलो होतो. ते चष्मा काढून म्हणाले, "का हो, मॅडमची बदली झाली का तिकडं?" भोकरदनचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी हो म्हणालो. "मंग बराबर हे," ते म्हणाले. "एकत्र राह्यलेलं बरं." आणि त्यांनी चहा मागवला.

जायच्या आधी मी तिला फोन केला. मधली सुट्टी असावी, मागं पोरांचा गलका चालला होता. मी सांगितलं, जागा मिळाली, सोमवारी रुजू व्हायचंय.

"मोठी हे का जागा?"

"हो. मोठी आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं. मग थोड्या वेळानं विचारलं, "जेवणाचं काय करणार?"

"बघतो. मेस आहे जवळ म्हणतात."

"तिखट खात जाऊ नका बाहेरचं."

"नाही खाणार."

फोन कुणीच ठेवला नाही. पोरांचा गलका ऐकू येत राहिला, कुणीतरी "बाई, बाई" म्हणून तिला हाक मारत होतं. घंटा झाली. "तास हे माझा," ती म्हणाली, "ठेवू?" मी म्हणालो, ठेव. तरी क्षणभर तिचा श्वास ऐकू आला, आणि मग फोन बंद झाला.